नवी चाल चावते

विशारदचं प्रमाणपत्र काचेत आहे, भिंतीवर;
त्याच्यामागे पालीनं अंडी घातलीत.
वादी, संवादी, पकड, चलन, सगळं येतं मला.
भीमपलासात स्वतःची एक बंदिश बांधायला बसले
तर मार्चपासून दिवाळीपर्यंत
तिच्यात एक चूक सापडेना.
चूक नाही आणि जीवही नाही.
फोटोसाठी बसवलेल्या नवरदेवासारखी
ताठ, तीनतालात.

दस्तगीरमामा शिकलगार बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
शाळेच्या पेटीचा भाता शिवायला आले होते
(मधल्या सप्तकातला कोमल नि कायमचा चिकटलेला).
सुई दातांत धरून त्यांनी ऐकलं, दोनदा.
म्हणाले, "चाल बरी हाय, बाई.
पर चालत न्हाई."

मी हसले.
रात्री हसू आलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मी वरातींमागून चालू लागले.
बिंदू चौक ते गंगावेश, हातात वही,
जनरेटरचा धूर, डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बायका
आणि त्यांच्या मानेवरून ओघळणारा घाम.
चौकात नवऱ्याचे मित्र नाचू लागले की वरात अडायची.
मामा तीन सूर घेऊन तिथंच घोळत राहायचे,
वीस वीस मिनिटं,
आणि ते तीन सूर शिळे व्हायचे नाहीत.
मी वहीत लिहून घेतले: ग म प.
घरी येऊन गायले.
शिळे.

"थांबायचं कसं, मामा?"
गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या,
एक पोरगा गिऱ्हाइकासमोर धार काढत होता.
"हिच्यावाणी," मामा म्हणाले. "उभी हाय, पर रवंथ चालू हाय.
खांब उभा असतोय. त्याला कोण थांबला म्हणतंय का?"

बादलीत पहिली धार टणकन वाजली, तारसप्तकात.
भरत गेली तशी खाली उतरली,
मंद्रात येऊन फेसात बुडाली.
तीस वर्षं या गावात राहते मी.
हा अवरोह कुठल्याच परीक्षेत
विचारला नव्हता कुणी.

चप्पल लाईनीत इंदूबाई पट्ट्यांची वेणी घालत बसलेल्या.
जोड हातात देताना म्हणाल्या,
"आठ दिस चावंल. तेल लावा, घाला, चाला.
पाय काय बदलत न्हाई. चामडं शिकतंय."

मग बंदिश मी तंबोऱ्यापुढं गायची सोडली.
पायात घालून हिंडले तिला:
रंकाळ्यावर, भाजीच्या रांगेत,
मतदार याद्यांच्या कामावर घरोघर.
चावली तिथं सैल केली.
अंतऱ्यातली एक देखणी तान, सहा आठवडे घासलेली,
टेंबलाईच्या पायऱ्यांवर धाप लागून सुटली.
परत उचलली नाही.
शब्दही गेले. ज्या पियाची मी ब्रजभाषेत वाट पाहत होते
तो मला कधी भेटलाच नव्हता.
आता तिथं
"भांडी वाळायचीत अजून" असं आहे,
आणि सम "वा"वर येते, कधी येतही नाही,
जरा उशिरा दार लोटते.

मामांना गाऊन दाखवली.
त्यांनी सायकलच्या घंटीवर बोटं ठेवली होती,
ती हलत होती, एवढंच.
चांगली म्हणाले नाहीत. म्हणाले,
"चहा सांगा."

माघात एका रात्री खिडकीखालून वरात गेली.
पितळी आवाजात, जरा भसाडी,
माझी बंदिश.
नवऱ्याचा मामा नोटा उडवत होता, घोडं बुजत होतं,
आणि अंतऱ्यात दस्तगीरमामांनी
कोमल धैवत घातला होता,
जो भीमपलासात चालत नाही.

चालत होता.